तिसरी हाक

रजत, तो मोबाइल ठेव बाजूले अन् ऐक. ही गोष्ट माह्या मित्राची, सुनीलची. त्यानं मले स्वतः सांगितली, अन् तो उगाच पुड्या सोडणारा माणूस नाही.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. दिग्रसले राजकुमारचा सत्कार होता. तांड्यावरचा आपला राजकुमार, तो कलाकार. नाटकात आंधळा म्हातारा, सिरियलीत फौजदार, सिनेमात वेडा; जे द्या ते करे लेकाचा. आवाज तर कोणाचाही काढे. सत्कार आटोपल्यावर त्याले तांड्यावर सोडाचं काम सुनीलच्या गाडीकडे होतं. साडेअकराले निघाले.

सत्काराले मीही होतो. स्टेजवर त्यानं आपली सुरुवात सांगितली. बाप हरिसिंग ट्रक घेऊन वणीले गेला, तो परत आलाच नाही. माय लालीबाई रोज वाट पाहे. तांड्यावर मानतात का भूत दोनदाच हाक मारते. तिसरी आली का समजाचं जित्ता माणूस आहे, मंग ओ द्याची. बारा वर्षांचा हा पोट्टा अंधारात लपून बापाच्या आवाजात हाका मारे. लाली... लाली... अन् मुद्दाम तिसरी. ती बिचारी कंदील घेऊन धावत सुटे. पोट्टे हसत.

"तो माहा पयला प्रयोग," असं तो म्हणाला, अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या. एका रात्री ती तशीच धावताना कंदिलासकट विहिरीत पडून मेली, हे काही त्यानं सांगितलं नाही. मले त्याचा राग तेव्हाही होता, अजूनही आहे.

तर त्या रात्री तांड्याच्या अलीकडे, त्याच विहिरीजवळच्या वळणावर राजकुमारनं गाडी थांबवाले लावली. सिगारेट ओढाची होती. काच खाली केली.

"राजू..."

बाईचा आवाज. तुरीच्या वावरातून.

सुनीलनं त्याचा हात धरला. ओ देऊ नको म्हणे.

"राजू..."

दोन झाल्या. आता नाही येत... सिगारेट बोटापर्यंत जळत आली.

"राजू..."

तिसरी.

त्याचं तोंड लहान पोट्ट्यावानी झालं म्हणे. कोणत्याच नाटकात तसं झालं नव्हतं. "याडी," म्हणाला; त्यायच्या बोलीत माय. दार उघडलं. तुरीत शिरला.

मंग काहीच नाही...

"सुनील..."

राजकुमारचा आवाज. लांबून.

सुनीलनं दारं लावून घेतली. काच वर केली.

"सुनील..."

तो मोजत होता. दोन. तिसरी आली का उतरतो, असं त्यानं ठरवलं. पाच मिनिटं... दहा...

आली नाही.

म्हणजे भूतच. त्यानं गाडी पळवली ते थेट घरापर्यंत.

सकाळी विहिरीतून राजकुमारले काढलं. नखात शेवाळ भरलं होतं. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ दगडाले धरून होता. दोन हाकांपुरता दम होता त्याच्यात. तिसरीपुरता नव्हता.

सुनील रडत माह्याकडे आला. रात्री घरी उतरल्यापासून त्यानं गाडी उघडली नव्हती. मी किल्ली घेतली, त्याच्या घरी गेलो अन् गाडीचं मागचं दार उघडलं.

सीटवर कंदील होता. जुना, गंजलेला, गाळानं भरलेला. खालून पाणी टपकत होतं.

मी कंदिलाच्या काचेले हात लावला...

गरम होती.