बेसवरून आलेली खूण

ही गोष्ट ऐकून हसणारे खूप भेटलेत. तुम्हीही हसा. पण माझा मामा थापा मारणारा माणूस नाही. त्या रविवारी संध्याकाळी मैदानावर जे घडलं, ते त्याने जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा शब्दन् शब्द तोच होता.

मामा सॉफ्टबॉलचा अंपायर. आठवडाभर रंगाच्या दुकानात डबे हलवायचे आणि रविवारी तोंडावर जाळीचा मास्क चढवून कॅचरच्या मागे उभं राहायचं. बेसवर त्याचा जोडीदार. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. वर्षानुवर्षांची जोडी. भांडायचेही नवरा-बायकोसारखे.

मॅच चालू असताना अंपायर एकमेकांना ओरडून विचारत नाहीत. सगळा कारभार खुणांवर. किती आउट झाले, ते मांडीवर बोटं टेकवून सांगायचं. बॅट पूर्ण फिरली की अर्ध्यात थांबली, हे मामाला मागून दिसलं नाही, तर तो शिडीकडे हात करायचा. शिडीने मूठ दाखवली की फिरली. हात पसरले की नाही फिरली.

आणि एक खूण फक्त त्या दोघांची होती. तळवा डोळ्यांवर.

म्हणजे, मला दिसलं नाही, निर्णय तू दे.

त्या दिवशी शिडी आलाच नाही.

त्याचा फोन वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं. मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे आयोजक घायकुतीला आले होते. मामाने मनातल्या मनात शिडीला चार शिव्या हासडल्या आणि एकट्यानेच मॅच सुरू केली.

नुसती फरफट. बॅटरपुढची प्लेटही बघायची, लांबचे बेसही बघायचे. दोन्ही टीम खवळलेल्या.

मग एका बॉलवर बॅट अर्धवट फिरली. कॅचरच्या तोंडून निघून गेलं, विचारा. सवयीने मामाचा हात बेसकडे गेला...

सेकंड बेसच्या मागे शिडी उभा होता.

निळा शर्ट. टोपी. त्याने मूठ दाखवली.

मामाचा जीव भांड्यात पडला. त्याने स्ट्राइक दिला. बॅटर मात्र वळून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सर, तुम्ही विचारलंत कुणाला?"

मामाला वाटलं, पोरगा चिडून बोलतोय.

पण मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. शिडी चालला की बुटाखालची खडी करकरायची. आता तो पुढे सरकला, मागे गेला...

करकर नाही.

एक रनर जिवाच्या आकांताने पळत आला. शिडी उभा होता, नेमका तिथूनच तो पुढे गेला. धडकला नाही. अडखळलासुद्धा नाही.

मास्कच्या आत मामाचा घाम गार पडला.

बॉल पिचरच्या हातात होता. पुढचा बॉल अजून टाकला नव्हता. निर्णय द्यावा असं मैदानावर काहीच घडलं नव्हतं. तरी शिडीने तळवा डोळ्यांवर ठेवला...

मामाने खांदे उडवले. कसला निर्णय?

पुन्हा तळवा. आता दुसराही.

मामाने खेळ थांबवला. तेवढ्यात आयोजक मैदानात आले. चेहरा पार उतरलेला. त्यांनी मामाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, शिडीला पुलाजवळ ट्रकने उडवलं. दुपारीच. इकडे यायलाच निघाला होता. जागच्या जागी गेला.

मामाने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

शिडी तिथेच होता. दोन्ही तळवे डोळ्यांवर. वाट बघत.

तो काय विचारतोय, ते मामाला तेव्हा कळलं.

उत्तर सोपं होतं. मूठ वर करायची. आउट. उभ्या आयुष्यात मामाने दुसरं केलं काय होतं? त्याने मूठ वळलीसुद्धा. हात काही वर जाईना. तिकडे शिडीचे खांदे गदगदत होते.

"मला नको रे विचारूस," मामा पुटपुटला.

आणि त्याने दोन्ही हात पसरले.

सेफ. आउट नाही.

शिडीने तळवे खाली घेतले. टोपी सारखी केली. आणि मैदानाबाहेर चालू लागला... घराच्या दिशेने.

काही दिवसांनी मामा वहिनींना, म्हणजे शिडीच्या बायकोला, भेटायला गेला. दार जेमतेम फटीएवढं उघडलं. वहिनींच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. उलट कसलंतरी समाधान. आत भरदिवसा पडदे ओढलेले. शिडीनंतर घरात त्या एकट्याच उरल्या होत्या, पण मागच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली...

"हळू बोला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

अंपायरला आपला निर्णय बदलता येतो. मामा तेवढ्यासाठीच गेला होता. पण वहिनींकडे बघून त्याची मूठ खिशातच राहिली.

शेजारी सांगतात, आता वहिनींना कमी दिसायला लागलंय. आधी सुईत दोरा ओवता येईना. मग माणसं ओळखू येईनात. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काहीही दोष नाही.

तेव्हापासून मामा रोज त्या दारात जातो. बेल वाजवतो, हाका मारतो, दारावर थापा मारतो. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलंय त्याला. दार उघडत नाही.

परवा पहिल्यांदाच आतून आवाज आला. कोण आहे, वहिनींनी विचारलं. मामा म्हणाला, मी आहे, माझं चुकलं, मला एकदा त्याच्यासमोर उभं राहू द्या.



मग आत कुजबुज. एक आवाज वहिनींचा. दुसरा...

"भाऊजी," वहिनी दाराला अगदी चिकटून बोलल्या, "ते म्हणतायत, निर्णय झालाय. आता तुम्ही जा."