कोबीत म्हैस कोण सोडतं?

"ताई, आली बघ! चंद्री पुन्हा कोबीत आली!"

प्रसेनजीतची हाक ऐकून साक्षीने शेंगांची परात तशीच चुलीपाशी ठेवली आणि अंगणात धाव घेतली. मीनामामी तिच्याही आधी खराटा घेऊन वाफ्याकडे पळाली होती. शेजारच्या शिवानंदअण्णांची म्हैस चंद्री वाफ्यात उभी राहून एकेक गड्डा चवीने खात होती, खास आमंत्रण देऊन बोलावल्यासारखी.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या राजारामपुरीहून ही दोघं भावंडं मामाच्या मळ्यात आली होती. आल्यापासून जवळपास रोज संध्याकाळी हाच तमाशा चालला होता.

मामा नुकताच कामावरून आला होता. चहाची कपबशी हातात घेऊन तो ओसरीवरूनच गरजला, "दसऱ्यापासनं ह्येच चाललंय. त्यो शिवानंद मुद्दाम सोडतोय म्हैस. माझी कोबी बघवंना झालीया त्याला."

तेवढ्यात शिवानंदअण्णा लंगडत बांधावर आले. हातात दुधाची रिकामी किटली होती. पाठोपाठ त्यांची मुलगी दानेश्वरी, हातात दावं घेऊन.

"भाऊसो, बांधून गेलतो की मी," अण्णा म्हणाले. "डेअरीला दूध घालून येतोय तवर ही गायब."

"मग काय उडत आली व्हय?" मामाने कपबशी दाणकन खाली ठेवली. "उद्या सकाळी पंचायतीत या. म्हैस कोंडवाड्यात कोंडल्याबिगार तुमाला कळायचं न्हाय."

अण्णांचा चेहरा उतरला. "कोंडवाडा कशाला? सरपंचांच्या म्होरंच सांगतो, परवाच्या बाजारात इकून टाकतो. रोजची कटकट नको."

"अण्णा, चंद्रीला न्हाय," दानेश्वरी कशीबशी म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मे महिन्यात ह्याच बांधावर बसून साक्षी आणि दानेश्वरीने कैऱ्या खाल्ल्या होत्या. आज दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

साक्षीच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. रोज म्हैस सुटते, रोज संध्याकाळीच सुटते आणि रोज आमच्याच कोबीत येते. हे आपोआप होत नाही. यात कुणाचा तरी हात आहे.

पहिला संशय दानेश्वरीवरच आला. दुसऱ्या दिवशी उजाडताच साक्षी धाकट्या प्रसूला घेऊन अण्णांच्या गोठ्यात गेली.

"दानू, खरं सांग, तूच सोडतेस ना हिला?"

दानेश्वरी शेण भरत होती. पाटी तशीच टाकून ती उठली. "मी? उद्या तिला बाजारात न्यायचं म्हणतात अण्णा. तिला मी खेळवलीय, मीच वाढवलीय, आणि मीच सोडू? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

तिने साक्षीचा हात धरून तिला गव्हाणीपाशी ओढत नेलं. "हे बघ. दाव्याची गाठ तशीच्या तशी असते. मेखच उपटून जाती."

जमिनीत खरंच मोठा खड्डा पडला होता. साक्षी ओशाळली. "चुकलं माझं. पण मग इथं कुणीच नसतं का त्या वेळी?"

"अव्वा असती. पण तिला ऐकू येत न्हाय." दारात बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या आजी, मल्लव्वा, निवांत लसूण सोलत होत्या. "मी आणि अण्णा डेअरीला गेलो की तेवढ्यातच हे होतंय."

"म्हणजे तुम्ही कधी नसता, हे कुणाला तरी बरोबर ठाऊक आहे," साक्षी हळूच म्हणाली. प्रसूने घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

परत येताना जिथे पाटाचं पाणी फुटून वाटेवर चिखल झाला होता, तिथे साक्षी थबकली. चिखलात मोटारसायकलच्या टायरची नक्षी उमटली होती आणि त्या नक्षीवरच म्हशीचे खूर उमटले होते.

"प्रसू, आधी गाडी गेली आणि मग म्हैस. कुणीतरी गाडीवरून तिला इकडे आणतंय."

दोघं वाकून माग काढत निघाले. माग कोबीच्या कडेने गेला, विहिरीला वळसा घालून घरामागे आला आणि मामाच्या राजदूत मोटारसायकलपाशी संपला. गाडीच्या चाकांना तोच चिखल लागलेला होता.

प्रसूचं तोंड उघडंच राहिलं. "आपला मामा? स्वतःच्याच कोबीत?"

"भांडण उकरून काढायचं असेल तर माणूस काहीही करतो," साक्षी म्हणाली खरी, पण बोलताना ती मामाच्या गाडीकडे बघायचं टाळत होती. लाडका मामा असा निघाला तर आईला काय सांगायचं?

न्याहारीला बसल्यावर ती भाकरीचे नुसतेच तुकडे करत राहिली. मामा मजेत झुणका चापत होता.

"काय गं, माझ्याकडं का बघतीस अशी? शिंगं फुटलीत व्हय मला?"

"नाही, सहज." साक्षीने मान खाली घातली. मामाचं हसणंसुद्धा तिला आता खोटं वाटायला लागलं होतं.

मामा आंघोळीला गेल्यावर तिने पुन्हा गोठा गाठला आणि सगळं दानेश्वरीच्या कानात सांगितलं. अण्णा तेवढ्यात पंचायतीकडे निघून गेले होते.

"तुझा मामा तसा न्हाय," दानेश्वरी म्हणाली. "आमच्या अव्वाला दवाखान्यात त्यानंच तर नेलतं."

"मग माग कसा?"

"मी सांगतो मामा कसा येतो ते," प्रसू मध्येच म्हणाला. त्याला गंभीर राहणं कधी जमलंय? त्याने दोन्ही मुठी पुढे धरल्या, मान उडवत मामाचा आव आणला आणि तोंडाने सुरू झाला, "फट् फट् फट् फट्!"

चंद्रीचं रवंथ थांबलं. कान ताठ झाले. पुढच्याच क्षणी तिने असा हिसडा दिला की नवी ठोकलेली मेख डगडगली.

साक्षीने वाकून मेख हलवून पाहिली.

"पुन्हा कर," साक्षी म्हणाली.

प्रसूने पुन्हा केलं. चंद्री हंबरली आणि थेट त्याच्याकडेच निघाली. प्रसू गव्हाणीवर चढून बसला.

दानेश्वरीने कपाळावर हात मारला. "अगं, ती राजदूत आमचीच की! अण्णांचा गुडघा गेला, किक मारता येईना, म्हणून दसऱ्याला तुझ्या मामाला दिली. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात ना गाडीमागं? शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून? चंद्री रेडकू होती तवापास्नं अण्णांनी तिला त्या गाडीच्या आवाजामागं पळायला शिकवलंय. आवाज लांबवर जावा म्हणून सायलेन्सरची पुंगळीसुद्धा काढलीय."

"आणि आवाज थांबला की?"

"तिथंच थांबायचं. तशीच सवय लावलीय."

साक्षी खाली बसून हसायलाच लागली. मामा सकाळी ओढ्याकडच्या वाटेने कामावर जायचा, पण येताना गावातून, ह्या गोठ्यावरून यायचा. नेमके अण्णा डेअरीला गेलेले असायचे. चंद्री मेख उपटून गाडीमागे सुटायची. ती पोचेपर्यंत मामा घरात शिरलेला असायचा आणि आवाज थांबायचा, तेव्हा तिच्यासमोर कोबी! तिच्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं. मामा लबाड नव्हता, अण्णा नव्हते आणि दानूही नव्हती.

"चला, मामाला सांगू," प्रसू म्हणाला.

"सांगून पटणार आहे होय? पोरांच्या गप्पा म्हणून उडवून लावेल. त्याच्या डोळ्यांनाच दिसलं पाहिजे." साक्षीने दोघांना जवळ ओढलं. "मामा आता पंचायतीत तक्रार घेऊन निघेल. इथूनच जाईल."

थोड्याच वेळात वळणावर फटफट ऐकू आली. चंद्री नाचायला लागली. मामा तावातावाने समोरून गेला, त्याने गोठ्याकडे मान वळवून पाहिलंही नाही. दानेश्वरीने चंद्रीच्या गळ्यातला फास सैल केला.

"जा गं, बाई," ती म्हणाली. चंद्री धूळ उडवत सुटली आणि तिच्यामागे तिघं पोरं.

पंचायतीसमोर मामाने गाडी उभी केली. वडाखाली सरपंच चिमणाबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि बाजूला अण्णा खाली मान घालून. धापा टाकत पोरं पोचली, तेव्हा मामा पाठमोरा उभा राहून तक्रार सांगत होता.

"ह्यांची म्हैस मोकाट फिरतीया. आता ह्या घडीला तरी ती गोठ्यात हाय का, इचारा की ह्यास्नी!"

चिमणाबाई मामाच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "न्हाय, गोठ्यात न्हाय खरी. पण भाऊसो, तक्रारीसंगं म्हैसबी घेऊन यायची असती व्हय?"

मामा वळला. चंद्री त्याच्या राजदूतशेजारी शहाण्यासारखी उभी होती, सीट चाटत. वडाखालची सगळी माणसं खो खो हसली. मामा तेवढा हसला नाही.

"मी कुठं आणली? कुणी सोडली हिला?"

"आत्ता आम्ही सोडली," साक्षी पुढे आली. "पण आणली तूच, मामा. रोज तूच आणतोस." आणि तिने चिखलातल्या मागापासून सगळं सांगून टाकलं. "खोटं वाटत असेल तर किक मार."

मामाने किक मारली. आवाज फुटला तशी चंद्री पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहिली, मग गाडीभोवती गरकन फिरली. मामाने गाडी बंद केली. चंद्रीही थांबली.

अण्णा गुडघा सावरत उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मीच शिकवलं की हे तिला. गाडी दिली आणि इसरून गेलो. ती न्हाय इसरली." त्यांनी चंद्रीच्या मानेवरून हात फिरवला. "आणि मी हिला बाजारात न्यायला निघालतो."

मामाने टोपी काढून डोकं खाजवलं. मग तो दानेश्वरीसमोर येऊन उभा राहिला. "पोरी, तुझ्या अण्णाला मी लई वाईट बोललो. माझंच चुकलं बघ."

"पोरं हायत म्हणून निभावलं," चिमणाबाई म्हणाल्या. "न्हायतर आमी शहाणी माणसं मुकाट कोंडवाड्याचं कुलूप काढायला निघालतो." त्यांनी तिघांच्या पाठीवर एकेक धपाटा घातला, तो जरा जोराचाच होता.

पाडव्याला कोल्हापुरात चंद्री पळाली. राजदूतवर मामा आणि मागच्या सीटवर अण्णा, हाळी द्यायला. रंगवलेली शिंगं नाचवत ती अशी धावली की बघ्यांनी वाट सोडली. दानेश्वरी आणि साक्षी हातात हात घालून घसा बसेपर्यंत ओरडत होत्या.

त्या दिवसापासून मामा वळणावरच गाडी बंद करायचा आणि गोठ्यावरून ती ढकलत घरी न्यायचा, अगदी चोरपावलांनी. मामी म्हणायची, पोट तरी उतरलं.

फक्त एकदा घोटाळा झाला. जायच्या आदल्या संध्याकाळी प्रसू अंगणात मामाची नक्कल करत होता. मुठी पुढे धरून त्याने "फट् फट् फट्" केलं आणि शेजारून चंद्रीचं हंबरणं ऐकू आलं.

"प्रसू," मामी खराटा उचलत म्हणाली, "आता तू पळ."