सेनापतीच्या वेषातली ताई

मी चित्रांच्या चौकटी बनवतो. जे टेपने मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. थोरली बहीण चित्रकार असल्यावर घरात एकाने तरी जमिनीवर पाय ठेवून राहावं लागतं.

थंडीपर्यंत ताईची दृष्टी पूर्ण जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. रडत बसण्याऐवजी तिने नाटक कंपनीतून तीनशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीचा पोशाख आणला. पितळी बटणांचा कोट, पिसाची टोपी. ओठावर मिशी चिकटवली आणि आरशासमोर बसून स्वतःचं चित्र काढायला घेतलं.

"अख्ख्या जन्मात कुणावर हुकूम चालवला नाही," ती म्हणाली.

"मला सोडून," मी म्हटलं.

ती इतकी हसली की मिशी निसटली.

चित्र पुरं झालं त्याच आठवड्यात तिला दिसायचं थांबलं.

मी माप घ्यायला गेलो आणि घुटमळलो. ताईच्या उजव्या गालावर तीळ आहे. आरशात बघून काढलं की चित्रात तो डाव्या गालावर येतो. तिच्या आधीच्या सगळ्या चित्रांत तसाच आहे. इथे तो उजव्या गालावर होता. समोर बसलेल्या कुणीतरी तिला पाहून काढावं, तसा.

"तीळ सरळ केलास?"

"छे. आरशात दिसलं तसंच काढलं."

मी वाद घातला नाही. चौकट बसवून चित्र तिच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन तिच्यापुढे उभा राहिलो. चित्र माझ्या पाठीमागे होतं.

"टाळू उघडी पडायला लागली रे तुझी," ती म्हणाली.

मी मोकळ्या हाताने टाळू चाचपली.

"आणि मी केवढी थकलेली दिसते. केस तरी विंचरायचेस माझे."

मी वळून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. वाटली ती भीती नव्हती. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा असंच झालं होतं.

"एक करशील?" तिने हळूच विचारलं. "मला खिडकीपाशी ने."

मी तिचा हात धरला.

"मला नाही रे," ती म्हणाली.

मी चित्र उतरवलं आणि खिडकीपाशी स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. मागे खुर्चीत ताई रस्त्यावरची माणसं एकेक करून सांगू लागली. छत्रीवाली बाई. सायकल हातात धरून चाललेला म्हातारा. सगळी होती.

मी वाकून चित्राकडे पाहिलं. चेहऱ्यावर ऊन आलं होतं, आणि सेनापतीच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक होत होत्या.