शेवाळ घासायची पाळी

ही माझ्या मामाची गोष्ट. मामाच्या तोंडून चार शब्द काढायचे तरी नाकी नऊ येतात, तो कशाला थापा मारेल? हे त्याने मला माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

मामा होड्यांच्या धक्क्यावर कामाला होता. धक्क्याला लागून पाण्यात जाणारा सिमेंटचा उतार होता. त्यावर रोज शेवाळ धरायचं. पहिली होडी यायच्या आत ते घासून काढायचं, हा तिथला नियम. एक दिवस मामाची पाळी, एक दिवस त्याच्या जोडीदाराची. पाळी कोणाची ते फळ्यावर खडूने लिहायचं.

त्या सकाळी दाट धुकं होतं. पाळी मामाची होती.

मामाने अंगचोरपणा केला. एक दिवस न घासल्याने काय आभाळ कोसळणार आहे, असं त्याला वाटलं.

होडी आली. दोर पकडायला जोडीदार उतारावर उतरला...

आणि घसरला.

त्याचा डावा पाय होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडला. पाय कापावा लागला. आठव्या दिवशी तो गेला.

मालकाने फळा पाहिला. मामाने तोवर आपलं नाव पुसून जोडीदाराचं लिहिलं होतं. दोष मेलेल्याच्या माथी बसला.

महिन्याभराने पुन्हा तसंच धुकं पडलं. आता रोज मामाच घासायचा. पण जुन्या क्रमाने त्या दिवशीची पाळी जोडीदाराची होती. मामा ब्रश घेऊन निघाला, तर खालून आवाज येत होता...

खर्र... खर्र... खर्र...

मामाने हाक मारली. आवाज थांबला.

खाली कोणीच नव्हतं. उतार मात्र लख्ख घासलेला होता. आणि पाण्यापासून वर ओली पावलं उमटली होती...

सगळी उजव्या पायाची.

ती फळ्यापाशी संपत होती. फळ्यावर जोडीदाराच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उद्या तू.’

त्याच दिवशी मामाने मालकाला खरं काय ते सांगितलं. मग जोडीदाराच्या बायकोकडे जाऊन तिचे पाय धरले.

ती म्हणाली, "मला सांगून काय होणार, भावोजी? ज्याला सांगायचं होतं, तो ऐकायला राहिलाय का?"

त्यानंतर मामाने आपली पाळी कधी चुकवली नाही. जोडीदाराच्या दिवशी उतार आधीच घासलेला असायचा.

एकदाच तापामुळे मामा घरी राहिला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर दारापासून खाटेपर्यंत ओली पावलं...

त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत गारठलेला होता. बोटांमध्ये शेवाळ होतं.

नोकरी सुटून बारा वर्षं झाली, तरी मामा एक दिवसाआड उतार घासायला जातोच. आम्ही सगळे त्याची चेष्टा करायचो.

आज दुपारी मामा जिन्यावरून पडला. पाय प्लास्टरमध्ये आहे. मी भेटायला गेले, तर त्याने माझा हात घट्ट धरला.

"उद्या पाळी माझी आहे," तो म्हणाला. "तू जाशील का? गमबूट घाल. आणि होडी आली तरी पाय मध्ये घालू नकोस."

मी हो म्हणाले. म्हातारा माणूस रडत होता, नाही कसं म्हणणार?

त्याचा ब्रश मी आमच्या दाराशी उभा करून ठेवलाय. आणला तेव्हा तो कोरडा होता...

आता त्याच्याखालची फरशी ओली दिसतेय. मला फार भीती वाटतेय.