चार नंबरच्या टेबलाची तक्रार

ताईच्या इटालियन रेस्टॉरंटात जेवण संपलं की कॉफीबरोबर वही यायची. जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड चिकटवलेली, दोरीनं पेन बांधलेली. वाढणाऱ्या मावशी ती गिऱ्हाइकासमोर उघडून ठेवायच्या आणि चार ओळी लिहिल्याशिवाय हलायच्या नाहीत. पुठ्ठ्यावर ताईनं स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'इथून कोणी उपाशी जात नाही. ज्याची तक्रार असेल, त्याला पुढचं जेवण सहकुटुंब आमच्याकडून.'

"ते सहकुटुंब तेवढं खोड," असं तिचा धाकटा भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तो गल्ला आणि गिऱ्हाइकं सांभाळायचा, ताई स्वयंपाकघर.

"का? माझ्या जेवणाला तक्रार येणार आहे?"

नऊ वर्षांत तीनच आल्या. त्यातला एक शिंपी. लाझान्याची कड करपली असं त्यानं लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात सासू, मेव्हणे, साडू असा अकरा जणांचा काफिला घेऊन हजर झाला. ताईनं हूं की चूं न करता सगळ्यांना पोटभर वाढलं. शब्द दिला म्हणजे दिला. ती बाईच तशी होती. त्याआधी चौदा वर्षं एका बड्या हॉटेलात ती पहाटे पाचला कणीक मळून पास्ता लाटायची. तिथला मुख्य आचारी एकदा चारचौघांत म्हणाला, बायकांचं मनगट लाटण्यापुरतं, भट्टीपुढे त्यांचं काम नाही. ताईनं त्याच्याच पाटावर लाटणं आपटलं, एप्रन काढला आणि बाहेर पडली. भावाला जोडीला घेऊन तिनं ही जागा उभी केली. अकरा टेबलं, वेताच्या खुर्च्या, दारावर पितळी घंटा, आणि स्वयंपाकघर नि जेवणघर यांच्या मधल्या भिंतीत एक रुंद खिडकी. त्या खिडकीतून ताटल्या बाहेर जायच्या आणि ताईची नजरही.

समोरच्या क्लिनिकातले दंतवैद्य दर मंगळवारी दुपारी यायचे. एकटेच. एकेक घास तीस वेळा चावणारा, अतिशय काटेकोर माणूस. बसायचे खिडकीजवळच्या चार नंबरवर, दोन खुर्च्यांच्या छोट्या टेबलाशी. त्या मंगळवारी त्यांनी वहीत लिहिलं, 'चव नेहमीसारखीच उत्तम. पण पोट भरलं नाही.'

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. एप्रनसकट रस्ता ओलांडून ती क्लिनिकात शिरली.

"डॉक्टर, ताटली तर चाटूनपुसून आली होती!"

"तेच तर म्हणतोय," दंतवैद्य ओशाळून म्हणाले. "सगळं खाल्लं. पण गिळलेलं पोटात पोचलंच नाही, असं वाटलं. इथं येऊन दोन केळी खाल्ली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तुमचा काही दोष नाही, ताई. माझंच काहीतरी असेल."

ताईनं मानलं. वय झालं की माणसाचं पोट लहरी होतं. पण गुरुवारी एका पोस्टमन बाईंनी तेच लिहिलं. शनिवारी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका आडदांड माणसानं रिसोटो भाताच्या दोन ताटल्या संपवल्या आणि लिहिलं, 'अजून भूक आहे. सकाळपेक्षा जास्तच.'

ताईनं तराजू काढला. प्रत्येक ताटली मोजून पाठवली, मग दीडपट करून पाठवली. भाऊ डोळ्यांत तेल घालून गिऱ्हाइकांवर लक्ष ठेवू लागला. मावशी उष्ट्या ताटल्या आणताना कुरकुरायच्या, "चार नंबरच्या ताटल्या गार येतात हो. बाकीच्या कोमट असतात, ह्या मात्र माठातनं काढल्यासारख्या." मग एका दुपारी ताईनं वही घेतली आणि महिन्याभराच्या तक्रारी ओळीनं वाचून काढल्या. सगळ्या चार नंबरच्याच. आणि सगळ्या एकट्या बसलेल्या माणसांच्या. दोघं बसली असतील तर एक शब्द वाकडा नव्हता.

म्हणजे समोरची खुर्ची रिकामी असेल तेव्हाच.

ती उठली, एक ताटली वाढून घेतली आणि चार नंबरवर स्वतः बसली. टोमॅटोचा सॉस, लसूण, वरून तुळशीसारख्या वासाची बेसिलची पानं. घास तोंडात फिरला. उत्तम. गिळला. ऊब घशातून गळ्याच्या हाडापर्यंत उतरली आणि तिथून पुढे काहीच नाही, पायरी चुकावी तसं. दुसरा घासही तसाच. तिसऱ्या घासाला समोरच्या रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला. ताईनं मान वर केली. खुर्चीची बैठक किंचित खोल गेली होती, कोणीतरी बसल्यावर जाते तेवढी.

ती घाबरली. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. तो संताप होता.

"खाताय ते ठीक आहे," ती खुर्चीकडे बघून म्हणाली, "पण माझ्या गिऱ्हाइकाच्या तोंडचं?"

वेत पुन्हा करकरला. ताईनं ताटली संपवली आणि आत येऊन भावाला सगळं सांगितलं.

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं वेड्यात काढलं नाही, हेच ताईला जास्त लागलं. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

"टेबल काढून टाकू," तो म्हणाला.

"आणि मग पाच नंबरवर येऊन बसलं तर?"

"मग जागा बदलू. ताई, लोक बोलायला लागलेत. दंतवैद्य दोन मंगळवार आले नाहीत. अशानं महिनाभरात कुत्रंही फिरकणार नाही इथं. रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर मी टाळं लावतो. निम्मी जागा माझीही आहे."

"लाव. पण रविवारपर्यंत मध्ये पडू नकोस."

"तू करणार काय?"

"पुठ्ठ्यावर काय लिहिलंय? इथून कोणी उपाशी जात नाही. कोणी म्हणजे कोणी. एका आचाऱ्याच्या बोलण्यावरून मी चौदा वर्षांची नोकरी सोडली, आता एका खुर्चीला भिऊन ही जागा सोडू?"

शुक्रवारी दुपारी साडेतीनला रेस्टॉरंट नेहमीसारखं बंद झालं. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांना तीन तास होते. ताईनं भरलेली ताटली आधी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवून पाहिली. वाफ निघून गेली, सॉसवर साय धरली, कोणी शिवलं नाही. त्याला माणसानं गिळलेलंच हवं होतं. मग तिनं बाह्या सारल्या आणि स्वतः खायला बसली.

भाऊ खिडकीतून ताटल्या सरकवत होता. मावशी आत एका स्टुलावर बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत धरून. मिनेस्ट्रोने सूप, लाझान्या, रिसोटो, पुन्हा लाझान्या. ताईचा जबडा दुखू लागला, पोट मात्र सकाळपासून उपाशी असल्यासारखं खपाटीला गेलेलं. प्रत्येक ताटलीबरोबर समोरचा वेत थोडा आणखी खाली जायचा. मधूनच उठून ती सॉस ढवळून यायची, भावावर खेकसायची, पुन्हा बसायची.

चौदाव्या ताटलीला वेत करकरायचा थांबला.

समोरची खुर्ची दोन बोटं मागे सरकली. जेवण झालेला माणूस सरकवतो तशी, सावकाश.

ताईला रडू फुटलं. जिंकल्याचं की दमल्याचं, तिलाच कळलं नाही. तिनं डोळे पुसले, पोट चाचपलं. रिकामंच होतं. होऊ दे. आलेला पाहुणा जेवला होता. मग नऊ वर्षांची सवय तिनं त्याही दिवशी मोडली नाही. एक कॉफी करून आणली, खुर्चीसमोर ठेवली, वही उघडली आणि पेन मध्ये ठेवलं.

"इथं जेवणारा प्रत्येक जण लिहितो. तुम्हीही लिहा."

ताटल्या गोळा करून ती आत गेली. परत आली तेव्हा पेन दोरीला लोंबत होतं आणि दोरी हलत होती. पानावर लहान, तिरकं, नीटनेटकं अक्षर होतं.

'मीठ कमी होतं.'

ताईचा तिळपापड झाला. चौदा ताटल्या गिळून वर ही भाषा! ती तरातरा आत गेली, पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि तिथेच थांबली. शेवटच्या सॉसला मीठच नव्हतं. भावावर खेकसण्याच्या नादात ती घालायला विसरली होती, आणि तोवर तिच्या जिभेलाही चव कळेनाशी झाली होती.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

भावानं वही मिटली आणि पुठ्ठा तिच्यासमोर धरला. शेवटच्या ओळीतल्या 'सहकुटुंब'वर बोट ठेवलं.

ताईनं वाचलं. स्वतःचंच अक्षर होतं.

शनिवारी सकाळी वही उघडली तर 'मीठ कमी होतं'च्या खाली आणखी एक ओळ आली होती. 'उद्या दुपारी येतो.'

"ते पान फाड," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "वहीच जाळू. ताई, तुझ्या पाया पडतो."

"शिंप्याचं फाडलं होतं का?"

"शिंपी माणूस होता!"

ताईनं पेन घेतलं आणि त्या ओळीखाली, तिच्याहून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'या.'

रविवारी दुपारी गर्दी झाली. इतक्या दिवसांत झाली नव्हती तेवढी. दंतवैद्यसुद्धा आले, पण चार नंबर टाळून नऊ नंबरवर बसले. भावाला हायसं वाटलेलं दिसलं. ताईनं खिडकीतून एकदा सगळीकडे नजर फिरवली.

कुठे तिघं बसली होती, कुठे एकटं माणूस. अकराच्या अकरा टेबलांवर एकेक खुर्ची रिकामी होती. तसं कोणी बसवलं नव्हतं. लोक तसेच आले होते.

पहिल्या ताटल्या गेल्या.

मग गप्पा कमी झाल्या. नुसते काटेचमचे वाजत राहिले. मग तेही थांबले.

वेत करकरला. एका जागी नाही, सगळीकडून.

मावशी ताटल्यांची चळत घेऊन आत आल्या. त्यांची बोटं गारठून निळी पडली होती. सगळ्या ताटल्या चकचकीत होत्या.

नऊ नंबरवरून दंतवैद्यांनी हात वर केला. मग पाचवरून एका बाईनं. मग सगळ्यांनी.

"अजून," दंतवैद्य म्हणाले. नेहमीच्या अदबीनं, पण डोळे पाणावले होते. "ताई, अजून आहे का हो?"

भाऊ खिडकीशी आला. "दार लावतो. सगळ्यांना बाहेर काढतो. आता तरी ऐक."

"दार उघडं राहू दे."

"ताई!"

"बोलावलं मी. माझ्या दारातून उपाशी पाठवू?" ती वळली. सगळ्यात मोठं पातेलं, जे त्या शिंप्यानंतर कधी निघालं नव्हतं, ते तिनं दोन्ही हातांनी उचलून शेगडीवर चढवलं. "घरदार घेऊन येऊ देत, नाहीतर गाव घेऊन. मीही बघते कोण आधी थकतं ते. कणीक घे."

भावानं गल्ल्याची किल्ली मावशींच्या हातात देऊन खुंटीवरचा एप्रन घेतला.

पाण्याला आधण आलं. ताईनं मुठीनं मीठ घेतलं, चाखलं, आणखी एक मूठ टाकली.

बाहेर दारावरची घंटा वाजली. दार उघडलं आणि मिटलं. आत कोणी आलं नव्हतं. घंटा पुन्हा वाजली. मग पुन्हा.

भाऊ कणीक मळता मळता मोजत होता. बाविसावर त्यानं मोजणं सोडून दिलं. घंटा वाजतच होती.