तांबजाईची गादी

ठकूबाई झोरेंच्या दारातला नळ गेली नऊ वर्षं भर उन्हाळ्यातही आटला नव्हता. त्याआधी होळी सरली की त्या दोन कोस खाली उतरून डोक्यावरून पाणी आणत. आता सड्यावर 'गादी' होती आणि पाणी बारमाही होतं. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या धुकट सकाळी गादीवाल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ठकूबाईंनी आधी त्यांच्यासाठी चहा टाकला आणि मग विचारलं, "येवढ्या सकाळच्या? काय झालं?"

"खांब गप्प झालेत, मावशी," वैजयंती सोनटक्के म्हणाल्या. "पश्चिमेकडचे सहाही. परवापासून एकाचाही निरोप नाही."

तांबजाईचा सडा म्हणजे घाटमाथ्यावरचं तेरा किलोमीटर लांबीचं कातळाचं पठार. पूर्वी त्यावर पडलेला पाऊस तासाभरात कड्यावरून खाली कोकणात धावायचा. अकरा वर्षांपूर्वी वैजयंतींनी प्रयोगशाळेत एक शेवाळ घडवून सड्यावर लावलं. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी पिऊन धरून ठेवी आणि गुडघाभर उंच झालं की वाढायचं थांबे. हा वाढीचा लगाम त्यांनी त्याच्या जनुकांतच घातला होता. कागदोपत्री नाव होतं 'जलधर शेवाळ', पण लोक गादीच म्हणत. गादीने झरे जिवंत केले, खालचे पूर कमी केले. तिच्यातलं पाणी मोजण्यासाठी जागोजागी रोवलेले खांब दर तासाला आपली जागा आणि ओल कार्यालयाला कळवत.

चार दिवस धुकं हटलं नव्हतं, त्यामुळे ड्रोन उडवता येत नव्हता. पायी जाण्यावाचून इलाज नव्हता. आणि पश्चिमेच्या कड्याखाली आंबेखोल होतं, एकसष्ट घरांचं गाव.

"येकटीनं जायचं न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. त्यांनी खांद्यावर घोंगडी टाकली, गोठ्यातलं लांब दावं कमरेला गुंडाळलं आणि भाकरी फडक्यात बांधली.

वैजयंतींच्या हातात नादकाठी होती. काठी टेकवली की तिच्यातून आवाजाची लहर खाली जाई, कातळावर आपटून परत येई आणि मुठीवर आकडा उमटे. चाळीस सेंटिमीटर. पंचेचाळीस. चाळीस. पहिले दोन तास आकडे जसे हवेत तसेच येत होते. पाय घोट्यापर्यंत रुतत, बुटांत थंडगार पाणी शिरे, दहा पावलांपलीकडचं काही दिसत नसे.

दहाच्या सुमारास ठकूबाई थांबल्या. समोर शेवाळ फाटलं होतं. वीतभर रुंदीची काळ्या पाण्याची चीर दोन्हीकडे धुक्यात नाहीशी होत होती.

"ही मागल्या म्हैन्यात नव्हती," त्या म्हणाल्या.

वैजयंतींनी चीर ओलांडली आणि पलीकडे काठी टेकवली. दोन मीटर दहा. त्यांनी काठी पुसली, पुन्हा टेकवली. दोन मीटर बारा.

त्या तिथेच उकिडव्या बसल्या आणि चिरेत हात घालून त्यांनी शेवाळाचा एक तुकडा उपसला. वर हिरवा थर, त्याखाली तपकिरी, त्याखाली पुन्हा तपकिरी. जुनं शेवाळ गुडघाभर वाढून मरत होतं आणि त्याच्या मढ्यावर नवं उगवत होतं. लगाम प्रत्येक रोपाला होता, थरांना नव्हता. दरवर्षी जाडी मोजली जाई, पण उत्तरेच्या कोरड्या बाजूला, पायवाटेच्या कडेने. इथे मधे, पाण्यात, कोणी आलंच नव्हतं.

"काय वो बाई?"

"आधी खांब बघू," वैजयंती म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

पहिला खांब सापडला तो ताठ उभा होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वैजयंतींनी पाठपिशवीतलं तपासणीचं यंत्र त्याला जोडलं. खांब ठणठणीत होता. तासातासाला निरोप पाठवत होता. मग कार्यालयात तो पोचत का नव्हता?

तेवढ्यात वारा आला आणि धुकं थोडा वेळ उचललं गेलं. सहाही खांब दिसले. वैजयंतींनी ते स्वतः दोरी धरून एका सरळ रेषेत रोवले होते. आता ती रेष धनुष्यासारखी वाकली होती, आणि धनुष्याचं पोट कड्याकडे होतं. यंत्राने बाकीच्यांचे निरोपही पकडले आणि चौथ्या खांबाचा आकडा आला. तो मूळ जागेपासून सव्वीस मीटर दूर होता.

वैजयंतींना उलगडा झाला. सहा वर्षांपूर्वी रानगव्यांनी काही खांब उपटून टाकले होते, तेव्हा त्यांनीच संगणकाला एक नियम शिकवला होता. खांब चालत नाहीत. एखाद्याची जागा पाच मीटरहून जास्त बदललेली दिसली, तर तो बिघडला समजावं आणि त्याचं म्हणणं सोडून द्यावं. परवापासून सहा खांब ओरडून सांगत होते आणि वैजयंतींच्याच नियमाने त्यांची तोंडं बंद केली होती.

"मावशी, आपण उभ्या आहोत ते सगळं कड्याकडे सरकतंय. गेल्या तासात जवळजवळ मीटरभर."

ठकूबाईंनी कड्याकडे पाहिलं. "खाली आंबेखोल हाय."

फोनला रेंज नव्हती. मागे फिरलं तर ठकूबाईंच्या घरापर्यंत तीन तास. पुढे कड्यावर कोकणातल्या टॉवरची रेंज मिळे, दोन तासांत. पण ते दोन तास सरकत्या गादीवरून.

"तुम्ही परत जा," वैजयंती म्हणाल्या. "चीर ओलांडली की पक्कं आहे."

"आन तुमास्नी वाट कोन दावनार? ह्यो सडा उघडा हुता तवा मी हितं गुरं राखलीत. खाली कुटं उंचवटा हाय, कुटं डबरं हाय, माज्या पायास्नी ठावं हाय. चला."

त्या पुढे झाल्या. सरळ न जाता वळसे घेत, मधेच थांबून डोळे मिटत. त्या सांगतील तिथे काठी टेकवली की आकडा खरंच कमी येई. पायाखाली अधूनमधून गुडगुड होई, पोटात वायू फिरावा तशी. तिसऱ्या खांबाच्या पुढे वैजयंती घाईने एक पाऊल वाटेबाहेर टाकून बसल्या आणि बघता बघता कमरेपर्यंत आत गेल्या. खाली पायाला काहीच लागत नव्हतं.

"हलू नगा! आडव्या व्हा!" ठकूबाईंनी घोंगडी पसरली, तिच्यावर पालथ्या पडून दावं फेकलं. साठी ओलांडलेली ती बाई दातओठ खाऊन ओढत राहिली. वैजयंती बाहेर आल्या त्या एका बुटाविनाच. नादकाठी आतच राहिली होती. तिला शोधायला कोणी थांबलं नाही.

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्या कड्यावरच्या एका उंच उघड्या कातळावर चढल्या. वैजयंतींनी आंबेखोलच्या सरपंच सुलभा गोरिवले यांना फोन लावला.

"गाव रिकामं करा, ताई. आत्ताच्या आत्ता. गादी खाली येतेय."

"मॅडम, तुम्हीच सभेत सांगितलं होतंत, गादी कातळाला चिकटून असते म्हणून."

"सांगितलं होतं. माझं चुकलं."

"भातकापणी चाललीय. अर्धं गाव शेतात आहे."

"शेतातूनच शाळेच्या टेकाडावर न्या. ओढ्याकडे कोणाला जाऊ देऊ नका. ताई, मी पाया पडते तुमच्या. देवळाची घंटा वाजवा."

फोन बंद झाला. काही वेळाने खालून घंटेचा बारीक आवाज आला आणि मग थांबेचना. धुकं विरळ झालं होतं. मुंग्यांसारखी माणसं टेकाडाकडे निघालेली दिसू लागली. कोणी म्हातारं खुर्चीत बसवून चौघांनी उचललं होतं. वैजयंती मोजत होत्या, आकडा चुकत होता, पुन्हा मोजत होत्या.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मागून एक लांब सुस्कारा ऐकू आला. गादीची कड फुगली, हिरवी चादर वर उचलली गेली आणि तिच्याखालून काळं पाणी सुटलं. मग त्यांच्या कातळाला वळसा घालून सगळंच गेलं. खांब, शेवाळ, अकरा वर्षांचा पाऊस. कातळ पायाखाली इतका थरथरला की ठकूबाईंनी वैजयंतींचा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. आवाज थांबला तेव्हा खाली ओढ्याकाठी देवळाचा कळस तेवढा वर होता.

सत्तेचाळीस घरं गेली. टेकाडावर मोजणी झाली तेव्हा एक माणूस कमी भरला. विश्राम गोरिवले, सरपंचांचे धाकटे दीर. ते म्हशी सोडायला परत गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती घाटरस्त्याने आंबेखोलला पोचल्या. त्यांना वाटलं होतं, लोक अंगावर येतील. कोणी आलं नाही. शाळेच्या ओसरीवर सुलभाताई बसल्या होत्या. त्यांच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता, रात्रभर त्या दिराला शोधत होत्या.

"तुम्ही फोन केला नसतात तर आम्ही कोणीच नसतो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही गादी लावली नसती तर विश्राम असता. मला कळत नाही, तुमच्याशी काय बोलावं."

वैजयंतींनी मान खाली घातली. "मलाही कळत नाही, ताई. मी जे केलं ते सगळं लिहून देणार आहे. माझ्या सहीनिशी."

सुलभाताई उठल्या आणि त्यांना शेतांच्या कडेला घेऊन गेल्या. जिथे पिकलेलं भात होतं तिथे आता काळा चिखल होता, ओढ्यापर्यंत आणि ओढ्यातून पुढे नदीपर्यंत. त्यांनी वाकून एक गोळा उचलला आणि वैजयंतींच्या तळहातावर ठेवला. तो थंड होता, पाण्याने जड होता, आणि एका बाजूला बोटभर कोवळं हिरवं टोक वर वळलं होतं.

"हे मेलंय की जिवंत आहे?"

वैजयंतींनी ते टोक अंगठ्याने हळूच दाबून पाहिलं.

"जिवंत आहे."

सुलभाताईंनी नदीच्या दिशेने पाहिलं. खाली खाडीपर्यंत चौदा गावं होती. "मग आता हे कुठवर जाईल, मॅडम?"