सरदार बुडायचा राहिला

मी माझ्या नवऱ्याचा हात पहिल्यांदा धरला तो भर मिरवणुकीत, वडिलांच्या डोळ्यांदेखत. अडीच हजार माणसं बघत होती. आणि सव्वा तास सोडला नाही.

पण यात्रा कमिटीच्या ठराव क्रमांक सातनुसार असं काही घडलेलंच नाही. ठरावाखाली अध्यक्ष म्हणून माझ्या वडिलांची सही आहे. तेव्हा वरचं तुम्ही वाचलं नाही असं धरू, आणि खड्ड्यापासून सुरुवात करू.

खड्डा आमच्या कसबे बोरठाणला कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर होता. साल १९६०, महिना चैत्र. मी डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन पथारीकडे, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या रानाकडे, चालले होते. उजवा पाय खाली गेला... आणि जातच राहिला.

"हलू नका!" कोणीतरी ओरडलं.

मला वाटलं, साप. मी हलले नाही. पाटी मात्र हलली, आणि सगळ्या मिरच्या रस्त्यावर. एक उंच, काटकुळा मुलगा धावत आला, माझ्या पायाशेजारी उकिडवा बसला आणि त्यानं खड्ड्यात टेप सोडली.

"एक फूट चार इंच," त्यानं वहीत लिहिलं. "आता हला."

"तुम्ही कोन?"

"रस्ता कारकून. गिरधर. जत्रेआधी खड्डे भरायचेत. हा इतका खोल आहे हे हापिसात कोणी मानत नव्हतं."

"आनी मन्हा पाय?"

"पुरावा."

एवढं बोलून तो मिरच्या वेचायला लागला. एकेक, देठाला धरून, जणू मोजून परत करायच्यात. मग त्याच हातानं त्यानं घाम पुसला. डोळ्यांतला.

"रडी कसाले ऱ्हायनात?" मी विचारलं.

"आनंद झाला."

"कसाना?"

"खड्डा खोल निघाला." त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आवाज मात्र सरकारी. "माप दोनदा घ्यायचा नियम आहे. उद्या याच वेळी येणं जमेल?"

"खड्डा तोच ऱ्हाई. पाय दुसरा आनू का?"

"तोच आणा. नाहीतर तफावत येते."

मी चार दिवस गेले. चार दिवसांत खड्डा एक फूट चार इंचांवरून एक फूट चार इंच झाला. त्यानं दरवेळी नवीन ओळ लिहिली. चौथ्या दिवशी मी विचारलं, "हाऊ खड्डा भराना शे का नही?" त्यानं पेन्सिल कानावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं... आणि पहिल्यांदाच त्याला काही लिहिता आलं नाही.

आता आमची सोंगाची गाडी.

चैत्र पौर्णिमेला बोरठाणमध्ये गावाचा इतिहास बैलगाडीवरून फिरतो. दोनशे वर्षांपूर्वी तापीला पूर आला, एक सरदार वाहून चालला, तेव्हा पाटलाच्या लेकीनं काठावरून हात दिला. एक वीत कमी पडली. सरदार बुडाला. लेकीनं लग्न केलं नाही, त्याच्या नावानं घाट बांधला. तो घाट आहे. आम्ही तिथे धुणी धुतो.

तर गाडीवर सरदार आणि लेक उभे राहतात. हात पुढे, मधे एक वीत. गाडी देवळातून निघाली की तापीच्या घाटापर्यंत दोघांनी हलायचं नाही. जे रूप गाडीवर आहे ते तसंच नदीला पोचलं पाहिजे. हलले की सोंग मोडलं, आणि मोडलं की त्या साली पूर, असं समजतात. आणि घाटावर रंग धुवेपर्यंत त्यांना त्यांच्या नावानं हाक मारायची नाही. आई असली तरी नाही.

पाटलाची लेक बावीस वर्षं भटूमामा व्हायचे. वर्षातून एकदा मिशी काढायचे आणि आठवडाभर बाजारात जायचे नाहीत. त्या साली त्यांना दोन्ही बाजूंनी गालगुंड झाले. कमिटीनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग ठरलं की खरी मुलगी उभी करावी. दुसऱ्याची मुलगी मागायची कशी? म्हणून अध्यक्षांनी आपली दिली. अध्यक्ष धुडकू पाटील म्हणजे आमचे आबा.

जुना सरदार सुरतेला गिरणीत लागला होता. त्याचे बूट ज्याच्या पायात बसतील तो नवा सरदार. बूट गिरधरच्या पायात बसले. मी कोणाला काही सुचवलं नव्हतं. मी फक्त आईला सांगितलं होतं की रस्त्याच्या कारकुनाचे पाय फार मोठे दिसतात.

हे सगळं गोड चाललं असतं. पण मिरवणुकीच्याच दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. नवापूरच्या पलीकडचे. मुंबई राज्य फुटायला वीस दिवस उरले होते, आणि त्यांचं गाव कुठल्या राज्यात राहणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणजे आबा मला कुठल्या घरात देणार हे ठरत आलं होतं, कुठल्या राज्यात ते बाकी होतं. मिरवणूक संपली की संध्याकाळी नारळ द्यायचा. नारळ दिला की शब्द दिला, आणि आमचे आबा दिलेला शब्द परत घेत नाहीत. आदल्या दिवशी मी हे गिरधरला सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. वही उघडली, मिटली. "किती वाजता?"

"दिवस बुडता."

"अच्छा."

एवढंच. मी घरी येऊन खूप वेळ भांडी घासली. घासलेलीसुद्धा.

पौर्णिमेला गाडीवर उभी राहिले तेव्हा आबांनी स्वतः वीत मोजली. अंगठा माझ्या बोटांना, करंगळी सरदाराच्या. "येक ईत," ते कमिटीला म्हणाले, आणि सगळ्यांनी ती पाहून घेतली. संबळ वाजला. सनई लागली. उखा डफवाला गाडीपुढे चालत दरवर्षीचं गाणं म्हणू लागला:

"येक ईत ऱ्हायनी वं माय, येक ईत ऱ्हायनी..."

बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आमच्याकडे सरदारासाठी दरवर्षी नव्यानं रडतात. मी समोर पाहत होते, म्हणजे त्याच्याकडे; पाहायला दुसरं काही नव्हतं. शेंदरी फेटा, काजळानं काढलेली मिशी, आणि डोळे... एकदम कोरडे. त्या दिवशी मिरची नव्हती.

उजवीकडे, जिनिंगच्या ओट्यावर, पाहुणे बसले होते. मुलगा, त्याचा मामा, आणि मुलाची आई रुक्मिणीबाई. मला वाटलं, एक वीत. दोनशे वर्षांपूर्वी पाटलाच्या लेकीलाही एवढीच कमी पडली होती.

आणि गाडीचं डावं चाक खड्ड्यात गेलं.

गाडी कलंडली. सरदार माझ्याकडे झुकला. नऊ इंचांची वीत आणि सोळा इंचांचा खड्डा. हिशेब बरोबर आला. त्याचा हात माझ्या हातात होता.

सनई थांबली. लाल्या बैल खाली बसला. त्यानं आयुष्यात दुसरं काही चांगलं केलं असेल-नसेल, पण त्या दिवशी तो बसला आणि उठला नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

"हात सोडाले लावा!" कमिटीतले हिलालआप्पा ओरडले.

"सोंग मोडी जाई!" दुसरं कोणी ओरडलं. "जे रूप शे ते घाटपावत!"

"पन रूप बदली गयं ना!"

"बदलनं, पन हालनं नही. गाडी हालनी!"

हिलालआप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "सोडं त सोंग मोडस. धरं त इतिहास मोडस." मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांना खरंच भीती वाटत होती. "धुडकूभाऊ... सरदार बुडना नही, त घाट कोन बांधी?"

अडीच हजार माणसं आबांकडे पाहू लागली. सोंग मोडू नये असं सर्वांत जास्त आबाच म्हणायचे. बावीस वर्षं म्हणत आले होते. आबांनी ओट्यावरच्या पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. मी पापणी हलवली नाही. काळीज हलत होतं, पण ते सोंगात धरत नाहीत.

"घाट बांधेल शे," आबा शेवटी म्हणाले. "आते बुडानी काय गरज शे?"

मी आबांची लेक आहे याबद्दल मी अनेकदा तक्रार केली आहे. ती सगळी मागे घेते.

चाक काढायला जू सोडलं, पहारी लावल्या, माणसं भिडली. वारा पथारीवरून आला, मिरचीचा. माझ्या नाकात शिंक उभी राहिली. शिंकले तर सोंग गेलं, हात गेला, सगळंच गेलं. गिरधरला दिसलं असावं. त्यानं माझ्या तळव्यात नख रुतवलं, हळूच, तोळाभर. शिंक विचारात पडली आणि परत गेली.

मग ओठ न हलवता तो बोलला. ओठ न हलवता बोलायचं तर प, ब, म ही मंडळी वगळावी लागतात. त्यामुळे प्रेम हा शब्द त्याच्याजवळ नव्हता. त्याच्याजवळ खड्डा होता.

"खड्डा..." तो म्हणाला, "जानीसन ऱ्हाऊ दिन्हा."

हापिसातली मराठी गळून पडली होती.

"काय?"

"सगळा रस्ता दुरुस्त. तो येकच ऱ्हाऊ दिन्हा."

"कसाले?"

संबळवाला पुन्हा वाजवायला लागला होता. फेट्याखालून घामाचा एक थेंब गिरधरच्या काजळी मिशीत उतरला आणि मिशी अर्धी झाली.

"तुन्हाकरता."

माझा चेहरा पाटलाच्या लेकीचा होता, दुःखी, पुराकडे पाहणारा. तो तसाच ठेवायला मला जेवढे कष्ट पडले तेवढे बाळंतपणातही पडले नाहीत.

तेवढ्यात रुक्मिणीबाई ओट्यावरून उतरल्या. गाडीजवळ आल्या. आमच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. बाजारात भाजी निवडणारी बाई पाहते तसं. माझ्या तळव्याकडे, त्याच्या नखाकडे. मग माझ्या डोळ्यांकडे. त्यांना काय दिसलं कोण जाणे. मला हाक मारायची सोय नव्हती, म्हणून त्या आबांना म्हणाल्या, "पोर गोड शे, पाटील. पन तिन्हा हात गुतेल शे." आणि मुलाला, "ऊठ रे, गाडी चुकी जाई."

रागावल्या नाहीत. टोमणा नाही. जाताना माझ्या लुगड्याची गाडीबाहेर आलेली चूण आत सारून गेल्या. त्या बाईचे आभार कुठल्या पत्त्यावर पाठवावे हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचं गाव पुढे नक्की कुठल्या राज्यात गेलं ते विचारायचं राहिलं.

गाडी निघाली, लाल्याच्या जागी दुसरा बैल जुंपून. उखाला पुढचं गाणं येत नव्हतं, कारण पुढे गाणं नव्हतंच. दोनशे वर्षं ते एका वितेवर थांबलेलं. तो दहा-बारा पावलं नुसता डफ वाजवत चालला, मग त्यानं मान मागे केली, आमच्याकडे पाहिलं आणि आवाज लावला:

"ईत सरी गई वं माय, ईत सरी गई..."

मागच्या बायकांनी ते उचललं. त्या साली सरदारासाठी रडणाऱ्या बायका वेगळ्या रडल्या.

घाटावर आम्ही तापीत उतरलो. एकेका मोकळ्या हातानं तोंडं धुतली. रंग उतरला. सोंग संपलं. आता हात सोडायला कायद्याची हरकत नव्हती. आम्ही सोडला... पण माझी बोटं तशीच राहिली, कोणाचा तरी हात असल्यासारखी.

आबा शेवटच्या पायरीवर उभे होते. धोतराचा काठ पाण्यात.

"जसोदा," ते म्हणाले. "आते तुन्हं नाव लिसन इचारस. हात कोन्हा धरा व्हता?"

खोटं बोलायची उत्तम संधी होती. सोंग होतं म्हटलं की संपलं. आबांनी दुसरे पाहुणे शोधले असते, गिरधरनं दुसरे खड्डे.

"जिनिंगपावत सरदारना, आबा."

"आनी तठून पुढे?"

"तठून पुढे... रस्ता कारकूनना."

गिरधर बूट काढू पाहत होता, ते निघत नव्हते. शेवटी आबा खाली वाकले, त्याचा एक बूट दोन्ही हातांनी ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला.

"बापले धाडी दे," ते म्हणाले. "रस्तानं काम शे म्हन."

त्याच आठवड्यात कमिटी बसली. ठराव सात: यंदा सोंग मोडलं नाही, हात धरला गेला नाही, सरदार नेहमीप्रमाणे बुडाला. ठराव आठ: अध्यक्षांच्या कन्येचा विवाह वैशाखात, कमिटीनं मंडपाचे बांबू द्यावेत. दोन्ही ठराव एकमतानं मंजूर. त्या साली पूर आला नाही. हिलालआप्पा म्हणतात, योगायोग.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. आता जिनिंगसमोर डांबर येणार आहे. हुकुमाची नक्कल माझ्या नवऱ्यानंच स्वच्छ अक्षरात केली, आणि माझा अर्जही त्याच्याच टेबलावर जाणार. आवक नोंद करीन म्हणतो. त्यापुढचं त्याच्या हातात नाही, असंही म्हणतो. त्याच्या हातात काय असतं ते मला माहीत आहे, तरी अर्ज खालीलप्रमाणे.

मा. उपअभियंता साहेब यांचे सेवेशी,

विषय: मौजे कसबे बोरठाण येथील जिनिंगच्या फाटकासमोरील खड्डा जतन करणेबाबत.

महोदय, सदर खड्डा (खोली एक फूट चार इंच, पाच वेळा मोजलेली) हा गावाच्या इतिहासातील एकमेव खड्डा आहे की ज्यामुळे कोणी बुडायचे वाचले. तरी सदर खड्डा वगळून उर्वरित रस्त्याचे डांबरीकरण करावे, खड्ड्याभोवती तारेचे कुंपण घालून स्मारकाची पाटी लावावी, लाल्या बैलास हयातीपर्यंत तेथे बसण्याची परवानगी असावी, आणि दरवर्षी चैत्र पौर्णिमेस खड्ड्याचे माप शासनाच्या टेपने, याच कारकुनाकडून, अर्जदाराच्या उजव्या पायासह घेण्यात यावे, ही नम्र विनंती.